आधी जेवण, मग तलाव

गोंदिया

गोंदियाला उतरलं की मला भूक लागते. गाडीत डबा खाल्लेला असो वा नसो, या फलाटावर पाय ठेवला की पोट आपलं म्हणणं मांडायला लागतं. हे वळण आमच्या सरांनी लावलं. एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षी त्यांनी आख्खा वर्ग इथे उतरवला आणि वनस्पतिशास्त्राचा चकार शब्द न काढता आम्हाला स्टेशनाबाहेरच्या पोहेवाल्यापुढे उभं केलं. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वर मूठभर कच्चा कांदा. मी मूळची साताऱ्याची, वडिलांच्या बदलीमुळे विदर्भात शिकलेली. पोह्यांवर कुणी रस्सा ओततं हे आईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा तिथे उभी राहिले. पोहेवाला दुसरा होता, पण तर्री तीच. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. थोडं तिखटाचं होतं, बाकीचं सरांचं. हात मागे बांधून ते आमच्या बशांकडे बघत फिरायचे आणि म्हणायचे, "पोटभर खा रे, तलाव कुठे पळून जात नाही." सरांना जाऊन आता काही वर्षं झाली.

त्यांची जागा तेव्हापासून रिकामीच होती. विद्यापीठात जागा रिकामी होते चटकन, भरते मात्र सावकाश. माझी मैत्रीण शैला तिथेच प्राध्यापक आहे. आम्ही दोघी सरांच्या विद्यार्थिनी, एका बाकावरच्या. तिने मागे लागून लागून मला अर्ज करायला लावला, मुलाखत झाली आणि ध्यानीमनी नसताना निवडही झाली. मी मात्र पुण्याजवळच्या एका संशोधन संस्थेत अर्धं आयुष्य काढलेलं. संस्था सोडून सरांच्या खुर्चीत बसायचं, की आहे तिथेच सुखाने निवृत्त व्हायचं, हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि माझं काही केल्या ठरत नव्हतं.

"वर्ग घेऊन नवेगावच्या तलावावर चाललेय," शैला फोनवर म्हणाली. "तुला तुझे दगड मोजायला यायचंच आहे. या वेळी आमच्याबरोबर ये. बघ, आणि मग काय ते ठरव."

पहिला मुक्काम कामठ्याला, शैलाच्या माहेरी. वर्गाची बस पुढे गेली होती, म्हणून मी ऑटो केली. गोंदियात ऑटोवाल्याशी मराठी बोललं तरी उत्तर हिंदीत येतं.

"टीचर हो क्या मॅडम?"

"नहीं. रिसर्च करती हूँ."

"मतलब पढ़ाना नहीं पड़ता?"

"नहीं."

"बढ़िया है," तो म्हणाला. मग राइस मिलच्या कोंड्याचा वास मागे पडेपर्यंत त्याने विचार केला आणि आरशात बघून म्हणाला, "पर बोर हो जाते होंगे."

कामठा

धान कापून झालं होतं. बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, रिकाम्या पडलेल्या, मधूनमधून कापलेल्या धानाचे पुंजणे ढिगासारखे रचून ठेवलेले. आमच्या साताऱ्याकडे शेतातली उभी ज्वारी बघून मन भरतं. इथे कापणीनंतरच्या या मोकळ्या शेतांत एक निवांतपणा असतो, तो मला तेव्हाही आवडायचा. कडेच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तुरी फुलल्या होत्या आणि खाली धानाच्या खुंटांमधून लाखोरीची हिरवळ वर येत होती.

शैलाच्या भावाचं, टेकचंदभाऊंचं अंगण मुलामुलींनी फुलून गेलं होतं. प्राध्यापिकेच्या माहेरी आख्खा वर्ग मुक्कामाला, हे आमच्या संस्थेत कुणाला सांगितलं तर नियम कुठला म्हणून विचारतील. आमच्याकडे क्षेत्रभेट असते. जीप असते, विश्रामगृहाचं आरक्षण असतं, बरोबर एखादा प्रकल्प सहायक असतो आणि दुपारपर्यंत काम उरकून परत फिरायचं असतं. इथे एक मुलगी चुलीपाशी बसून भेदरं भाजत होती. टोमॅटोला इकडे भेदरं म्हणतात. दोघे जण धानाच्या वाळक्या तणसावर अंथरूण घालून कोणी कुठे झोपायचं यावर भांडत होते. शैला मधोमध उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती. ती ओरडते तेव्हा हुबेहूब सरांसारखी मान तिरकी करते. तिला ते माहीत नाही, मीही सांगितलं नाही.

जेवायला वाफाळता भात, लाखोरीची डाळ आणि भेदरांची चटणी. आमच्या घरी भात ताटात शेवटी येतो, कोपऱ्यात बसतो. इथे तो पहिल्यापासून मधोमध असतो.

प्रणाली नावाची एक मुलगी माझ्याशेजारी बसली होती. देवरीकडची, भलती बोलकी. "मॅडम, तुमच्या संस्थेत खरंच लेक्चर नसतात?"

मी जरा ऐटीतच सांगितलं. लेक्चर नाहीत, पेपर तपासणं नाही, प्रवेशाची गडबड नाही. सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडायचं आणि आपला प्रश्न घेऊन बसायचं. माझा प्रश्न तलावाकाठच्या वनस्पतींचा. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस येतो. दर काही वर्षांनी तज्ज्ञांची समिती येऊन काम तपासते. व्हरांड्यात इतकी शांतता असते की कुणाची चप्पल वाजली तरी सगळे माना वर करतात.

"आणि आमच्याकडे," शैला म्हणाली, "यंत्र कधीचं बंद आहे. तुझ्याकडे यंत्र आहे, चालवायला माणूस आहे, फक्त डोकावून 'हे काय आहे' म्हणणारं कोणी नाही. माझ्याकडे डोकावणारे वर्गभर. परीक्षा, मूल्यमापन, बैठका, आणि मधल्या वेळात जमेल ते संशोधन."

टेकचंदभाऊ इतका वेळ गप्प जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "म्हंजे ताई, तुमची संस्था तं बियान्याच्या फारमसारखी झाली. एकच वान लावाचा, दुसरं रोप दिसलं का उपटून टाकाचं. साफ काम. अन् शैलाचं आमच्या बांधीसारखं. धान हाये, धुऱ्यावर तूर हाये, धान उभा असतानीच खाली लाखोरी फेकली."

"मग चांगलं काय भाऊ?" मी विचारलं.

"आता बियानं फारमवरूनच आना लागते," ते म्हणाले. "पन पोट बांधीवर भरते."

सगळे हसले. मीही हसले. पण सोमवार जवळ आला होता आणि मला हो किंवा नाही असं साधं काहीतरी हवं होतं. भाऊंनी दोन्ही बाजूंना सारखंच वाढलं.

नवेगाव बांध

नवेगावचा तलाव पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो एकदम दिसत नाही. झाडांतून एक तुकडा, वळणावर दुसरा, आणि मग डोंगरांच्या कुशीत पसरलेलं सगळं पाणी. थंडीत दूरदेशीची बदकं उतरलेली असतात. मासे धरणाऱ्यांचे डोंगे काठाला लागलेले असतात. बस त्या वळणावर आली. याच वळणावर सर उठून उभे राहायचे आणि थोडं पुढे गेलं की ड्रायव्हरला म्हणायचे, "बस, इथंच."

त्या 'इथंच'ची एक गंमत आहे. वर्गाने तलावाच्या काठाने चौकोन आखून त्यातल्या वनस्पती मोजायच्या, ही सहलीची जुनी रीत. आणि पहिल्या चौकोनाची जागा ठरलेली: बस थांबेल तिथून समोर. आता बस कधी आंब्याखाली थांबायची, कधी चिखल असला की अलीकडेच, पुढे रस्ता झाला तेव्हा पार पलीकडे. त्यामुळे विद्यापीठाच्या इतक्या वर्षांच्या मोजण्या एकमेकींशी जुळत नाहीत. दर वर्षी पोरं वेगळी आणि जागाही वेगळी. विद्यार्थिनी असतानाच मला हे खुपायचं. संस्थेत लागल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की काठावर एक जागा निवडून चारही कोपऱ्यांना पिवळे रंगवलेले दगड पुरले. दर हिवाळ्यात यायचं, तीच जागा मोजायची. याला म्हणतात शिस्त, असं मी शैलाला ऐकवलंही होतं.

आणि त्या जागेने मला यश दिलं. या तलावांच्या काठांना बेशरमने ग्रासलंय. जांभळ्या फुलांचं ते झुडूप, कुठेही वाढतं, म्हणूनच लोकांनी त्याला हे नाव दिलंय. सगळीकडे बेशरम माजली, पण माझ्या दगडांच्या आत तिने कधी पाय रोवला नाही. आत होतं देवधान, म्हणजे आपोआप उगवणारा रानभात. मी मांडलं की देवधानाची दाट मुळं बेशरमला थारा देत नाहीत. यावर माझं थोडंबहुत नाव झालं. शैला मात्र दर वर्षी सांगायची, "आमच्या पोरांना देवधानात बेशरम भरपूर सापडते गं." मी म्हणायची, तुमच्या पोरांना मोजता येत नाही.

अनुसयाबाईंचं घर तलावाच्या वाटेवर आहे. मासेमारी करणाऱ्यांचं घर. सरांच्या वेळी अनुसयाबाईंची सासू आम्हाला जेवायला घालायची. सरांचा नियम होता: आधी जेवण, मग तलाव. आम्ही चुळबुळायचो, ऊन वर येतंय म्हणायचो, पण सर मांडी घालून बसलेले असायचे. म्हातारीशी मासे, पाऊस, सून, सरपंच, सगळ्यांवर बोलून झालं की मगच उठायचे. शैलाने नियम मोडलेला नाही. वर्ग ओसरीवर पंगत धरून बसला. आतून झिंग्यांच्या कालवणाचा वास आला.

"उषे, बस," शैला म्हणाली.

"तुम्ही जेवा. मी मोजून येते," मी म्हटलं. गेली कित्येक वर्षं माझं असंच चाललं होतं. वारा पडलेला असतो तोवर मोजलेलं बरं.

माझी जागा माझी वाट बघत होती. चारी पिवळे दगड, आत सोनेरी देवधान, आणि बाहेर कमरेएवढी बेशरम, अगदी दगडांपाशी येऊन थांबलेली. मी मोजलं, लिहिलं, फोटो घेतले. समाधान वाटलं. सरांच्या खुर्चीवर बसून हे करता येणार नाही, हेही वाटलं. जवळजवळ ठरलंच होतं माझं तिथे. सोमवारी नाही म्हणून कळवायचं.

तेवढ्यात पोरं आली, हात धुऊन ओलेच, गलका करत. मी म्हटलं, दगडांच्या आत पाय टाकू नका. प्रणाली दगडाशी उकिडवी बसली, आत बघितलं, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "अच्छा, हीच का ती जागा? जेवताना मावशी म्हणत होत्या, मॅडमची जागा."

"हो. माझीच."

"मग बरोबर. त्याच साफ करतात ना."

मला नीट कळलं नाही. "काय साफ करतात?"

"बेशरम. दिवाळी झाली की उपटून टाकतात म्हणाल्या, तुम्ही येता म्हणून." माझा चेहरा बघून ती थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं का मॅडम?"

मी परत घराकडे गेले. अनुसयाबाई भांडी आवरत होत्या. मी विचारलं तेव्हा त्यांना आधी वाटलं की साफ करण्यात काही कसर राहिली.

"या साली लवकर काढली जी. राह्यली का कुठं?"

"नाही, राहिली नाही. पण काढता काऊन तुम्ही?" 'का' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

"आता काऊन म्हंता," त्या म्हणाल्या. "पह्यल्या साली तुमी आल्या, त्या बेशरमीत पाय अटकून पडल्या ना. पायाले केवढं लागलं होतं. आमी ढेस काढाले तिकडंच जातो, कमळाचे कंद. मी बायांले म्हटलं, बाई एवढ्या पुन्यावरून येते, तिची जागा तेवढी साफ ठेवत जाऊ. लहान असते तवाच उपटली का मुळासकट निघते. काई मेहनत नाई लागत."

"मला कधी बोलल्या नाहीत ते?"

"कवा बोलू? तुमी येता, मोजता, गाडीत बसता. दरसाली म्हंतो, बाई जेवून जा. तुमी म्हंता, पुढच्या खेपेले."

यात टोमणा नव्हता. त्यांनी ते साधेपणाने सांगितलं आणि माझ्यासाठी ताट घेतलं. मी ओसरीवर मांडी घातली. समोर भात आला, झिंग्यांचं कालवण आलं, आणि मला खाता येईना. देवधानाच्या मुळांवर मी जे मांडलं होतं ते सगळं या बाईच्या मायेवर उभं होतं. बेशरमला अडवलं ते मुळांनी नाही, अनुसयाबाईंनी. शैलाच्या पोरांच्या मोजण्या माझ्याशी जुळत नव्हत्या याचं कारणही आता समोर होतं. बस कुठे थांबेल हे त्यांचं त्यांनाच माहीत नसायचं. मग त्यांची जागा कोण आणि कशी साफ करणार?

संस्थेत निघाले तेव्हा सरांना भेटायला गेले होते. ते म्हणाले होते, "जा. तिथे तुला एकच प्रश्न नीट धरून बसता येईल. मला इथे कोणी बसू देत नाही, दर तासाला घंटा होते." आणि दारापर्यंत सोडायला येऊन म्हणाले, "जेवायला मात्र विसरू नकोस." मला वाटलं होतं, त्यांना माझ्या तब्येतीची काळजी आहे.

ते आठवलं आणि मी ताटावर रडले. अनुसयाबाई घाबरल्या. "तिखट झालं का जी?" म्हणून त्यांनी भात वाढला. मी हो म्हटलं, आणि मग सगळं जेवले. इतकं चांगलं कालवण मी या गावात येऊन येऊन कधी खाल्लं नव्हतं, याचंही वाईट वाटलं.

शैला माझ्याशेजारी येऊन बसली. तिला पोरांकडून कळलं होतं. चिडवायची एवढी आयती संधी, पण तिने ती घेतली नाही. म्हणाली, "आमच्याकडेही काय, गं. बसवाल्यावर आमचं संशोधन चालतं. तुझे दगड नसते तर हे कळलंही नसतं." हे ती समजूत घालायला म्हणाली, पण खरंही होतं. नुसत्या भटक्या चौकोनांतून काही निघालं नसतं आणि नुसत्या दगडांनी मला चकवलं होतं.

निघताना मी अनुसयाबाईंना सांगितलं की यापुढे माझी जागा साफ करू नका, बेशरम आली तर येऊ द्या. त्यांचा चेहरा पडला.

"मंग तुमी येनार नाई का आता?"

बसवाला हॉर्न वाजवत होता. "येईन," मी म्हटलं.

परत गोंदिया

रविवारी संध्याकाळी आम्ही गोंदियाच्या फलाटावर होतो. पोरं सामानावर बसून केळी खात होती. प्रणाली दोनदा माझ्यापाशी येऊन गेली. मी रागावलेय अशी तिची समजूत होती. मी तिला सांगितलं की उलट, तिने जेवताना कान उघडे ठेवले, हे माझ्याकडून कित्येक वर्षं झालं नव्हतं. तिला ते कौतुक आहे हे पटायला वेळ लागला.

"तुझं ठरलं का?" शैलाने शेवटी विचारलं. तीन दिवस तिने तो विषय काढला नव्हता.

"तुमचं ते यंत्र," मी म्हटलं, "दुरुस्त कधी होणार?"

"होणार नाही. मी खोटं सांगणार नाही तुला. छतही गळतं. पेपर तपासून मान मोडेल. जो प्रश्न तू वर्षानुवर्षं धरून बसलीस, तो धरायला इथे सलग एक आठवडा मिळणार नाही."

"आणि खुर्ची?"

"सरांची? तिचा एक हात निघालाय. मीच दोरीने बांधलाय."

गाडी आली. मी डब्यात चढले, ती खाली उभी राहिली. इतक्या वर्षांत आम्ही दोघी कितीदा अशा वेगवेगळ्या दिशांना गेलो असू. पूर्वी आम्हा दोघींना एकदम निरोप द्यायला सर असायचे.

सोमवारी मी हो कळवलं. आमच्या संचालकांनी बोलावून घेतलं. सज्जन माणूस. काही कमी पडलं का, म्हणाले. मी म्हटलं, काहीच कमी पडलं नाही. देवधानाबद्दल जे चुकलं होतं ते लिहून दुरुस्त करून देते आणि मगच आवराआवर करते, असंही सांगितलं. मग सोडता कशाला, त्यांनी विचारलं. "तिथे जेवायला बसतात," मी म्हटलं. ते हसले. मी खरं तेच सांगितलं होतं.

आता वर्गावर जाते, पेपर तपासते, पाऊस आला की खुर्ची सरकवते. संस्थेतली ती सकाळची शांतता आठवते आणि कधी कधी फार हवीशी वाटते. सरांना हे सगळं सांगावंसं वाटतं, ते त्याहून जास्त.

गेल्या दिवाळीनंतर अनुसयाबाईंचा फोन आला.

"बाई, बेशरम आली जी तुमच्या जाग्यावर. भाताच्या मधातच घुसून राह्यली. काढू का?"

"नका काढू. राहू द्या. आम्ही येतोय बघायला."

"कितीक जन?"

"वर्गभर."

मग त्यांनी घरात कुणाला तरी हाक मारून तांदूळ काढायला सांगितले, आणि मला विचारलं, "आधी तलावावर जानार का तुमी?"

"नाही," मी म्हटलं. "आधी तुमच्याकडे."